सिंकखालची बरणी

व्हर्लीन स्टबलफील्डबाईंचा सगळ्यात मोठा दागिना म्हणजे त्यांचा चांगुलपणा, आणि तो त्या बारा महिने अंगावर घालून हिंडत. मिसिसिपीतल्या आमच्या हॉलिस क्रॉसिंगमध्ये कुणी गेलं, की मयताच्या घरी पाद्र्याच्या आधी बाईंचा केक पोचायचा. गोऱ्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या त्याच, आणि नाताळात काळ्यांच्या चर्चला भेट पाठवून "कुणाला सांगू नका हं" असं गावभर सांगत सुटायच्याही त्याच.

त्यामुळे गोरेपणावर रेडिओमालिका करणारी मेरिडिथ नावाची न्यूयॉर्कची पोरगी गावात उतरली, तेव्हा बाईंनी आपणहून फोन फिरवला. "वाईट गोऱ्यांचं पुराण फार झालं गं बाळ. एखादं चांगलं घरही ऐकव की जगाला!"

साक्षीला बोलावलं काळ्यांच्या वस्तीतल्या अर्नेस्टीनला. तिची आई ओझेला जन्मभर बाईंच्या घरी राबली. अर्नेस्टीन स्वतः शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, तरी बाईंच्या लेखी ती अजून ओझेलाची पोरच, आणि लग्न होऊनही बाई तिच्या तोंडी 'मिस व्हर्लीन'च.

मायक्रोफोनसमोर बाई रंगल्या. "ओझेला आमच्या घरातलीच होती. तिच्या हातचं खाऊन वाढले मी."

"आणि ती कुठं जेवायची?" मेरिडिथनं विचारलं.

"मागच्या दाराशी. तिलाच तिथं वारा बरा लागायचा. हो की नाही गं अर्नेस्टीन?"

"वारा भरपूर होता, मिस व्हर्लीन. दारच लागत नव्हतं ते."

बाई हसल्या आणि बर्फाचा गोड चहा घेऊन आल्या. तो सगळ्यांच्या हातात गेल्यावर मेरिडिथ म्हणाली, "आता जरा सगळ्यांनी गप्प बसायचं. या खोलीची शांतता टेप करायचीय. तुकडे जोडताना लागते."

"शांतता टेप करतात? आमचे हे असते तर नवस बोलून माझी शांतता टेप करून घेतली असती!" बाई खिदळल्या आणि प्रार्थनेला बसावं तशा हात जुळवून बसल्या.

पंखा घरघरत होता. अर्नेस्टीननं चमचा उचलून मेरिडिथच्या ग्लासावर वाजवला. नक्षीची काच ती. टिण्ण करून आवाज लांबत गेला. मग बाईंच्या ग्लासावर. टिण्ण. मग स्वतःच्या.

थप्प.

बाईंनी वळून पाहिलं. अर्नेस्टीनच्या हातात मुरंब्याची जुनी, जाड बरणी होती. सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी असायची ती. ओझेलानं पाणी प्यायचं ते त्यातून. आज अर्नेस्टीनला ती बाईंनी मुद्दाम नव्हती दिली हो. हातांनीच परस्पर दिली होती.

"आईची बरणी जपलीत की, मिस व्हर्लीन!"

बाईंनी तोंड मिटलं असतं तरी निभावलं असतं. पण नाव जातंय म्हटल्यावर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "अगं, स्वच्छ आहे ती! दर वेळी उकळत्या पाण्यानं वेगळी धुते मी."

मेरिडिथनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. घबाड सापडलेल्या माणसाचा चेहरा लपत नाही.

"हे काढून टाकशील ना गं बाळ?"

"यातलं काही काढणं पाप होईल, मिस व्हर्लीन," बाळ गोड हसून म्हणालं.

टिण्ण, टिण्ण, थप्प साऱ्या देशानं ऐकलं. त्या आठवड्यात आमच्याकडची कचरागाडी गोऱ्यांच्या गल्लीतून नुसती खळखळत गेली, कारण सिंकखाली बरणी नाही असं घर कुठलं? सिंकखालच्या जागा रिकाम्या झाल्या आणि सगळे बाईंना हसायला मोकळे झाले. ऑर्गनवर दुसरी बसली. "तुमची बोटं दमली असतील," पाद्री म्हणाला.

चर्चच्या पुढच्या जेवणाला बाई गेल्या, तेव्हा बेटी-रूथ, त्यांची बालमैत्रीण, चहा घेऊन आली. बाकी सगळ्यांना ग्लासातून आणि बाईंना बरणीतून. टाकायची राहून गेलेली, तिच्याच घरची बरणी.

"तुझ्या घरातल्यासारखं वाटावं म्हणून हो, व्हर्लीन!"

बायका तोंडावर रुमाल धरून फुसफुसल्या. उठून गेलं तर हार, नाही प्यायलं तरी हार. बाईंनी बरणी ओठांपर्यंत नेली आणि थबकल्या. बेटी-रूथच्या घरी त्या बरणीतून कोण पाणी प्यायचं, ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी नॅपकिन घेतला, बरणीची कड चांगली गोल फिरवून पुसली, आणि मगच चहा प्यायल्या.