जालिंदरच्या मिशा

जालिंदर सिनेमात हसवायची कामं करायचा. आष्ट्यात स्टँडला लागून माझं केस कापायचं दुकान होतं आणि लहानपणापासून त्याच्या डोक्याला माझाच हात. तमाशात सोंगाड्या म्हणून नाव झाल्यावर त्याला कोल्हापूरच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. बासष्ट साली एका भोंदू साधूच्या कामासाठी तिथं त्याचं डोकं आणि मिशा साफ उतरवल्या.

आमच्याकडं मिशा उतरतात त्या आई किंवा बाप गेल्यावर. त्याची आई तर केव्हाच गेलेली. तो गावी आला तेव्हा त्याचे चुलत सासरे हिंदुराव कोरेगावची गाडी धरायला स्टँडवर उभे होते. त्याला बघून ते गळ्यातच पडले. "लय वाईट झालं रं गड्या!"

जालिंदर खरं सांगायचं सोडून, गंमत म्हणून तोंड पाडून, नाक ओढत उभा राहिला. गाडी सुटल्यावर हसत माझ्या दुकानात आला. मीही हसलो.

त्याची बायको बनाबाई बाळंतपणाला कोरेगावला होती. दुसऱ्या दिवशी ती वीस दिवसांचं लेकरू घेऊन, स्टँडपासूनच हंबरडा फोडत आली. मागं माहेरची दहा माणसं. जालिंदरचा बाप धोंडीबा ओसरीवर दोर वळत बसला होता.

"आवं मामा!" म्हणत ती उंबऱ्यातच बसली.

"रडू नगं पोरी. जिता हाय मी."

सगळा प्रकार कळल्यावर तो लेकाला म्हणाला, "माझ्या मरणाचं सोंग काढलंस." एवढंच. त्यानंतर त्यानं जालिंदरशी बोलणं टाकलं.

गाव मात्र बोलत राहिलं. "काय धोंडीबा, वरनं कवा आलासा?" असं पारावरची माणसं विचारायची. तंबूत तो सिनेमा लागला, लोक लोळून हसले. धोंडीबा फिरकला नाही. जालिंदर दर खेपेला बापासाठी फेटा आणायचा आणि तो तसाच पेटीत पडायचा.

"चार शिव्या तरी द्या म्हणावं त्यास्नी," तो बनाबाईला म्हणायचा.

सहासष्टच्या उन्हाळ्यात धोंडीबानं अंथरूण धरलं. मी त्याची दाढी करायला गेलो होतो. गालाला साबण असतानाच तो म्हणाला, "माझ्यामागं त्याच्या मिशा तू काढ. शिनेमावाल्याचा हात नगं."

"हे त्यालाच सांगा की," मी म्हणालो. त्यानं दुसरा गाल पुढं केला.

बाप मरणाची भाषा करतोय हे जालिंदरला कसं कळवायचं, म्हणून मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी धोंडीबा गेला. जालिंदर कोल्हापूरहून आला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. नदीवर त्याच्या मिशा काढताना मी त्याला बापाचं बोलणं सांगितलं.

रक्षा सोडायला आम्ही दोघं हरिपूरच्या संगमावर निघालो. सांगलीच्या स्टँडवर लोकांनी त्याला ओळखलं.

"आरं, साधू आला! परत मिशा उडवल्या. कुठला पिक्चर हाय आता?"

"बाप गेला माझा," जालिंदर म्हणाला. माणसं आणखीच हसली. एकानं टाळ्या वाजवल्या. जालिंदरचे डोळे भरले तशी मागची माणसं बघायला पुढं आली.

"तू तरी सांग की रं," तो मला म्हणाला. एवढ्या गर्दीत माझा आवाज फुटेना. त्यानं रक्षेचं गाठोडं छातीशी धरलं आणि आम्ही हरिपूरला चालत गेलो.

रक्षा सोडल्यावर तो कमरेएवढ्या पाण्यात बराच वेळ उभा होता. मग वळून त्यानं विचारलं, "आबा मिशांचं म्हणाले, ते रागानं म्हणाले का रं?"

"न्हाई," मी म्हणालो. खरं तर धोंडीबाच्या गालाला साबण होता आणि मी वस्तऱ्याकडं बघत होतो. मला त्याचं तोंड नीट दिसलंच नव्हतं.