शेजाऱ्यांना निरोप

ताईला न्यूमोनिया झाला तेव्हा मी दुपारभर तिच्या खाटेशी बसून असे. ती डोळे मिटून पडलेली आणि मी जागरणांनी आंबून गेलेलो. "औषधं चालू आहेत, मग ही एवढी गळून का गेलीय?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"शरीर लढतंय ना," त्या म्हणाल्या. "एखाद्या पेशीत जंतू शिरला की ती पेशी काही प्रथिनं बाहेर सोडते. तो शेजारच्या पेशींना निरोप असतो. मग त्या सावध होतात, जंतूला आत शिरू देत नाहीत. हा ताप, हा थकवा त्या धावपळीचाच."

"आणि निरोप देणारी पेशी?"

"ती बऱ्याचदा वाचत नाही."

त्या गेल्यावर मी ताईच्या सुकलेल्या ओठांकडे पाहत राहिलो. स्वतःचं घर फुटलेलं असताना शेजाऱ्याला हाक मारायची, एवढं बळ त्या इवल्या पेशीत कुठून येत असेल? मला तर पाण्याचा पेला उचलायचंही त्राण उरलं नव्हतं.

इतक्यात ताईने डोळे उघडले. "इतका जवळ बसू नकोस रे," ती पुटपुटली. "तोंडाला रुमाल बांध."

मी रुमाल बांधला. खुर्ची मात्र मागे सरकवली नाही.