दातिवऱ्याचा दादू, बोईसरचा सैतान

दातिवऱ्याचा दादू सहा-सात वर्षं पगार घेऊन कुस्तीत पडायचा. कुस्तीच्या कंपनीत त्याचं काम एकच. काळा मुखवटा घालून सैतान म्हणून उतरायचं, शिव्या खायच्या आणि शेवटी प्रतापकडून चीत व्हायचं. प्रताप गोरा, म्हणून वीर. दादू काळा, म्हणून सैतान. हे वाटप कुणी केलं ते मला विचारू नका, माझं डोकं फिरतं.

गावात मात्र त्याने सांगून ठेवलेलं, मुंबईच्या कुस्त्या मी मारतो. बायको जमना सुकी मासळी विकता विकता ते चारचौघींना ऐकवायची. खरं उघडं पडू नये, एवढीच त्याला धास्ती.

सहासष्ट साली कंपनीने बोईसरला तंबू ठोकायचं ठरवलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं, मजूर उदंड, तिकिटं खपणारच. दादू मालकाला म्हणाला, "शेठ, बोईसर नको. आमची मानसं येतील."

"मुखवटा कशाला दिलाय तुला? गपचूप पड, नाहीतर घरी जाऊन जाळी वीण."

आणि आलीच की माणसं. जमना पुढच्या बाकावर, मागे अर्धं दातिवरे. मीही त्यांच्यातच. प्रतापने सैतानाला आपटलं. मजूर ओरडले, "मार साले को." जमनानेही एक ठेवणीतली हासडली. तेवढ्यात सैतान पालथा झाला आणि ती बाकावरून उठलीच. त्याच्या डाव्या खांद्यावर होडीच्या दोराचा जुना, जाड वण होता.

"अगो बाय, ह्यो तर माजा नवरा हाय."

बाकाबाकांवर कुजबुज झाली. कुणी फिदीफिदी हसलं. दादूचा थोरला भाऊ पुंडलिक हसला नाही. होडी किनाऱ्यावर चढवताना देतात तशी त्याने हाक दिली, "ओढा रं." अख्ख्या गावाने साथ दिली, "हय्या हो."

दादू आजही शपथेवर सांगतो, त्याला पडायचंच होतं. पण मिसरूड फुटायच्या आधीपासून जे अंग त्या हाकेला ताणलं, ते शेठचं कशाला ऐकेल? दोन-तीन हाकांत प्रताप त्याच्या डोक्यावर, आणि पुढच्या हाकेला पाठ टेकून मातीत.

मालक धावत आला. "हे काय केलंस?"

"मी नाय शेठ, अंगानं केलं."

"चालता हो."

दादूने मुखवटा काढून त्याच्या हातात दिला. आत्तापर्यंत शिव्या घालणाऱ्या मजुरांनीच त्याला खांद्यावर घेतलं.

बाहेर जमना कमरेवर हात ठेवून उभी. "इतकी वर्सं कुनाला पाडलास रं तू?"

"कुनालाच नाय."

"मंग सांगायचास कशाला?"

"तू खूश व्हायचीस."

ती हसू दाबत म्हणाली, "आता तोंड उघडं ठेवून लढ. पडलास तरी मी सांगीन."

दादूने मग जत्राजत्रांतून खऱ्या कुस्त्या धरल्या. पहिली आमच्याकडच्या माहीमला, डोंगरपट्टीतल्या चिंतूशी. चिंतूने बघता बघता त्याला आभाळ दाखवलं. दादू मातीत पडल्या पडल्या खदखदून हसत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला खरोखर पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी जमना बाजारात टोपली मांडून सांगत होती, "आमच्या दादूला पाडाया डोंगरातना मानूस आनावा लागला."