डाव्या दाराची फट

"रागावलो नाही ना? मग तेच कौतुक समज."

हे वाक्य जर्मनीतल्या आमच्या श्वाबेन मुलखात सगळ्यांच्याच तोंडी असतं. लोक ते चेष्टेत म्हणतात, आणि चेष्टा ओसरली की हळूच एखादा गोड शब्द बोलूनही टाकतात. गोटलोब हेफेलेने मात्र ते धर्मासारखं पाळलं. बायकोने मसूर आणि घरच्या शेवया वाढल्या, की तो ताट पुसून खायचा आणि मुकाट्याने उठायचा. ती गेली त्या हिवाळ्यात, पुरण्याआधी, पाद्रीबाबांनी विचारलं, बाई कशी होती, चार शब्द सांगा. गोटलोब म्हणाला, "तिच्याबद्दल कधी तक्रार नव्हती." पाद्री उत्तरेकडचा, नवा. त्याला वाटलं, माणूस दगडाचा आहे. मागच्या बाकावर आम्ही गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. एवढं मोठं बोललेला गोटलोब आम्ही तोवर ऐकला नव्हता.

तो पत्र्याचा कारागीर. उभा जन्म त्याने त्सुफेनहाउझनच्या कारखान्यात काढला. इंजिन पाठीमागे असलेली, पाण्याशिवाय नुसत्या वाऱ्यावर नि तेलावर थंड होणारी ती बसकी गाडी जगात कुठल्याही नावाने मिरवत असेल. आमच्याकडे तिला नुसतं 'एल्फर' म्हणतात, अकरावाली. तिच्या पाठीचा उतार गोटलोबच्या अंगठ्याखालून जायचा. डोळ्याला न दिसणारा खळगा त्या अंगठ्याला लागायचा. आमच्या खोऱ्यात एल्फर घडवणारी घरं पुष्कळ, एल्फर चालवणारी बोटावर मोजण्याइतकी. गोटलोबकडे एक बुटकी डिझेल गाडी होती आणि तिच्यात तो नासपतीची पोती वाहायचा.

योखेन त्याचा एकुलता एक. मिसरूड फुटायच्या वयात पोराने घरच्या गाडीचं कुजलेलं मडगार्ड कापलं आणि नवा पत्रा जोडला. पहिलंच वेल्डिंग. शनिवारभर खपला, आणि रविवारी आईबरोबर देवळात गेला. परत येऊन बघतो तर त्याचा जोड कापून काढलेला आणि त्या जागी बापाचा जोड. इतका साफ की बोट फिरवलं तरी कळू नये. गोटलोब हात धूत होता. तो पोराला एक शब्द बोलला नाही. त्याच्या हिशेबाने त्याने पोराची लाज झाकली होती. पोराने मात्र त्या दिवसापासून बापासमोर अवजार हातात धरलं नाही. पुढे तो घरं तापवण्याच्या नळांचं काम शिकला, लग्न केलं, आणि टेकडीपलीकडे बायकोच्या गावी राहायला गेला.

तिथेच त्याने एक मेलेली एल्फर आणली. तिच्या पोटाखाली हात घातला की गंजाचे पापुद्रे हातात यायचे. लोक हसले. सासऱ्याच्या कोठारात ती वर्षानुवर्षं उभी होती आणि दर शनिवारी योखेन तिच्यापुढे गुडघ्यावर असायचा. इंजिन खोलून बांधलं, तळ नवा केला, दाराखालचे पत्रे स्वतः वाकवले, स्वतः जोडले. गोटलोब एकदाही बघायला गेला नाही. पण मी गवत आणायला त्या गावी गेलो की संध्याकाळी हा माझ्या कुंपणाशी हजर.

"कोठार गळतं का रे, एमिल?" तो विचारायचा. किंवा, एवढ्या दमट हवेत रंग तर लावत नाही ना तो?

मी म्हणायचो, आपल्या पायांनी जा आणि बघून ये. तो म्हणायचा, बोलावलं नाही. आणि तिकडे योखेन मला म्हणायचा, यायचं असतं तर आले असते. दोघांच्या मधे एक टेकडी होती. तिच्यावर चढायला मेंढरंसुद्धा कुरकुरत नाहीत.

मग योखेनचं लग्न मोडलं. घराची वाटणी आली, कोठार सासऱ्याचं, गाडी विकण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. त्याने जाहिरात दिली. त्याच आठवड्यात गोटलोब माझ्या अंगणात आला आणि बाकावर बसून म्हणाला की त्याचं उतारावरचं श्टुकले, म्हणजे फळझाडांचा तो पट्टा, मी विकत घ्यावा. आमच्याकडे माणूस श्टुकले विकतो तेव्हा लोक विचारतात, घरात कोण अंथरुणाला खिळलंय? त्याच्या आजोबांनी लावलेली झाडं होती ती. मी नासपतीच्या आंबट दारूचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि कारण विचारलं. 

"गाडी माझ्या गॅरेजात असली, तर तो येईल," तो म्हणाला. "शनिवारी येईल. तिच्याशिवाय त्याला करमायचं नाही."

"मग हेच त्याला सांग की."

"सांगायचं काय त्यात? विकत घेतो ना."

मी श्टुकले घेतलं, आणि बाप गाडी घ्यायला येतोय हे योखेनला कळवलं. शनिवारी त्याला माझ्या गाडीत घालून टेकडीपलीकडे नेलं. अंगावर कामाचा निळा डगला, इस्त्री केलेला.  टेकडीच्या माथ्यावर त्याने मला गाडी सावकाश घ्यायला सांगितली. मला वाटलं, वळणांचा त्रास होतोय. त्याला नुसता वेळ हवा होता.

कोठारापाशी झ्युरिकची एक गाडी आधीच उभी होती. आम्स्टुट्स नावाचा गिऱ्हाईक तासभर लवकर आला होता. गोरा, गुबगुबीत, मऊ बोलणारा माणूस. योखेनने त्याला स्पष्ट सांगितलं की पहिला हक्क वडिलांचा. ते नको म्हणाले तर तुमचं बघू. आम्स्टुट्सने टोपी काढून गोटलोबला नमस्कार केला आणि बाजूला झाला.

गाडी बाहेर काढून ठेवली होती. काळपट हिरवी, देवदाराच्या सावलीच्या रंगाची. गोटलोबने आधी मागच्या झाकणावर पंजा ठेवला. पत्रा बर्फासारखा गार होता. लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे गार इंजिनाची खोकल्याची उबळ कुणाला ऐकू येत नाही. योखेनने ते केलं नव्हतं. म्हाताऱ्याचे ओठ किंचित हलले. ते मी पाहिलं. पोराने पाहिलं की नाही, कोण जाणे.

मग त्याने फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं. पत्रा असेल तिथे ते चिकटतं. गंजाच्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगाखाली लपवलं असेल तिथे गळून पडतं. ते कुठेही पडलं नाही. त्या वयात तो पाठीवर झोपून गाडीखाली गेला. बाहेर आला, दाराखालच्या जोडावरून अंगठा फिरवला. पुढे गेला. परत आला, परत फिरवला. माझं काळीज लकलकत होतं, कारण एवढ्या वर्षांत त्याचा अंगठा एका जागी दोनदा गेलेला मी पाहिला नव्हता.

योखेन कॉफीचा कप धरून उभा होता. कॉफी निवली होती.

इंजिन सुरू केलं. पहिल्याच फटक्याला लागलं. कोरडा, दाणेदार आवाज, वाळलेल्या शेंगा मळाव्यात तसा. आता तेल बघायचं. या गाडीचं तेल गार असताना खरं सांगत नाही. इंजिन चांगलं तापावं लागतं, चालू असावं लागतं. तोवर सगळ्यांनी उभं राहायचं. असल्या वेळी कुणीतरी काहीतरी बोलायचं असतं. बोलला तो आम्स्टुट्स. म्हणाला, बर्नपासून म्युनिकपर्यंत अशा गाड्या बघितल्या, पैसे मोजून नावाजलेल्या कारागिरांकडून करवून घेतलेल्यासुद्धा, पण असं जोडकाम बघितलं नाही. योखेनचे कान लाल झाले. तो स्विस माणसाकडे बघत नव्हता. बापाकडे बघत होता.

तेल बरोबर निघालं. इंजिन बंद झालं.

"काय, बाबा?" योखेन म्हणाला.

गोटलोबने हात पुसले. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"सापडलं नाही काही." आणि खिशातून पाकीट काढून तो म्हणाला, "तू लिहिलीयस तीच किंमत. घे."

आता आमच्याकडची रीत अशी, की घासाघीस हा मान आहे. माल नीट बघितला, माणसाला बरोबरीचा मानला, म्हणून माणूस हुज्जत घालतो. सांगितली ती किंमत मुकाट्याने मोजतात ती नडलेल्या माणसापुढे. गोटलोबला ही रीत माहीत नव्हती असं नाही. पण त्याला वाटलं, आपण आज आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक करतोय. योखेनचा चेहरा पांढरा पडला.

"दया आली का माझी? बायको गेली, घर गेलं, म्हणून?"

"दया कसली रे."

"मग पाकीट ठेवा खिशात." योखेनचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला तुमचा पैसा नको. एकदा म्हणा, चांगलं केलंस. माझ्याकडे बघून म्हणा. आणि गाडी घेऊन जा, तशीच, फुकट. एमिलकाका साक्षीला आहेत."

कोठारावर पारवे घुमत होते. आम्स्टुट्सने शहाण्या माणसासारखी पाठ फिरवली. मी गोटलोबकडे बघत राहिलो.  त्याने तोंड उघडलं. मी मनात म्हणत होतो, बोल, मेल्या, दोनच शब्द आहेत, पोरंसोरं कुत्र्याला म्हणतात. त्याची नजर पोराच्या तोंडापर्यंत गेली, तिथे टिकली नाही, घसरली आणि गाडीवर जाऊन थांबली. तिथे ती आयुष्यभर सुरक्षित होती.

"डाव्या दाराची फट," तो म्हणाला, "खालच्या बाजूला केसभर जास्त आहे."

त्याने वाकून बोटाने ती जागा दाखवली.

"ती मी सरळ करून देईन," तो म्हणाला.

त्याला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे. तो म्हणत होता, ये, आपण दोघं मिळून करू. मी धरतो, तू पेच आवळ. त्याच्याकडे मायेसाठी तेवढीच भाषा होती. पण योखेनच्या कानात ते मडगार्ड वाजलं. तो क्षणभर बापाच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने कप जमिनीवर ठेवला, आम्स्टुट्सकडे वळला आणि हात पुढे केला. स्विस माणूस बिचारा घुटमळला, माझ्याकडे बघू लागला. योखेनने हात मागे घेतला नाही. शेवटी आम्स्टुट्सने तो धरला. आमच्याकडे हात धरला की सौदा झाला. त्यावर मागे फिरणं नाही.

"मी सगळं बघितलं," गोटलोब म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "बाकी सगळीकडे बघितलं. कुठे काही नाही."

मी त्याच्या दंडाला धरलं, म्हटलं, चल, गाडीत बस. तो म्हणाला, पायीच जातो, वाट माहीत आहे. त्या वाटेने तो कधी आला नव्हता. कोठारामागे बिटाचं शेत, त्याच्या बांधावरून वाट टेकडीकडे वळते. निळा डगला त्या बांधावरून हळूहळू निघाला. पाठीला गाडीखालची माती लागली होती आणि ती झटकायचं त्याला सुचलं नव्हतं.

आम्स्टुट्स म्हणाला, कागद नंतर करू, आधी त्यांना गाठा. योखेनने मान हलवली, पण पाय उचलला नाही. तो डाव्या दाराशी वाकला, फटीत नख घातलं आणि वरपासून खालपर्यंत सावकाश ओढत नेलं; खालच्या टोकाशी ते थांबलं. मग उभा राहिला. टेकडीच्या चढावर म्हातारा दम घ्यायला थांबला होता, पाठ आमच्याकडेच. हाक पोचली असती. तो पुन्हा चालू लागला, आणि आम्ही तिघं परके-आपले एका रांगेत उभे राहून तो माथ्यापलीकडे उतरेपर्यंत बघत राहिलो.