विहिरीत टांगलेला संत

मेणबत्ती विझल्याचा वास आला की मला अकोल्याचा कापूसबाजार आठवतो. मामाचा एक बैल हरवलेला, कापसाची गाडी अडलेली आणि मालगाडी संध्याकाळी सुटणार! कुण्या इंग्रज साहेबाच्या गोवेकर स्वयंपाक्यानं मेणबत्ती लावली, झोळीतून लाकडी संत अंतोनी काढला. "साडेसहाशे वर्षांमागचा साधू. मासेसुद्धा याचं प्रवचन ऐकत. हरवलेलं हाच शोधतो," म्हणत त्यानं मेणबत्ती फुंकली आणि संताला दोरीनं उलटा बाजारातल्या विहिरीत सोडला. "देवाले काहून बुडवून राहिला?" मी ओरडलो. मामा खेकसला, "चूप! आपून नाई ठेवत का देव पाण्यात?" तेवढ्यात तहानलेला बैल हंबरत विहिरीवर हजर! मामानं आधी ओल्या संताला वर ओढून मिठी मारली, मग बैलाला. बैलाला पाण्यानंच ओढून आणलं असेल, हे आज कळतं, पण "अंतोनीबाबा की जय!" ही पहिली आरोळी माझीच होती.