चार सेकंदांची वाफ
आंबेमोहोर शिजायला लागला की मला जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या सिंगापूर ऑफिसातली एक दुपार आठवते. मी पुण्याहून नवीनच आले होते आणि प्रोबेशनचा शेवटचा आठवडा उरला होता. नोकरी गेली असती तर सिंगापुरात राहून काम करायचा पासही गेला असता आणि घरी परतावं लागलं असतं. माझ्याकडे काम होतं भाताच्या वाडग्यातून निघणारी वाफ रेखाटायचं, जेमतेम चार सेकंदांचं, आणि ते तीनदा परत आलं होतं. टोकियोहून आलेल्या आमच्या मुख्य बाई माझ्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हा धूर झालाय," त्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्या घरी भात कोण करतं?" "आई," मी म्हणाले आणि माझे डोळे भरून आले. "उद्या तुमचा तांदूळ घेऊन या," एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा राइस कुकर आणला. मी लिटिल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीतून आणलेला आंबेमोहोर धुऊन लावला. झाकण उघडल्यावर आम्ही दोघी शेजारी शेजारी वाकून बघत राहिलो. वाफ आधी सलग वर आली, मग मध्येच विरली, विरता विरता वळली. "आता काढून बघा," बाई म्हणाल्या. मग सगळ्या ऑफिसने तो भात तूप-मीठ घालून खाल्ला. चौथ्या वेळी माझं काम पास झालं आणि मी इथे टिकले. आज माझ्या हाताखाली सहा जण आहेत. कुणाचं काम पुन्हा पुन्हा फसलं की मी मेल लिहीत नाही, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी जाऊन बसते.