एकही वळ नाही

दवाखान्यातल्या पट्टी बांधायच्या खोलीत तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सगळे तिला मावशी म्हणत. जखमी माणूस आत आला की काय झालंय ते त्याने तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. बायकांचं तर हमखास. 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या बाईच्या दंडावर चार बोटं उमटलेली असली, की मावशी मुकाट्याने मलम लावायची आणि मनातल्या मनात त्या जिन्याला शिव्या घालायची. संध्याकाळी घरी जाताना तिला आपल्या नशिबाचं फार कौतुक वाटे. आपल्या नवऱ्याने कधी बोटसुद्धा लावलं नाही.

ते खरंच होतं. घड्याळं दुरुस्त करणारा तो गृहस्थ अगदी नाकासमोर चालणारा. दारू नाही, शिवी नाही. फक्त काही बिनसलं की बोलणं बंद करायचा. काय बिनसलं ते सांगायचा नाही. ते हुडकून काढायचं काम घरच्यांचं. भाजीतलं मीठ, उघडं राहिलेलं कपाट, मुलीचं हसणं, काहीही असू शके. मग आठवडेच्या आठवडे भरलेलं ताट समोर जायचं, रिकामं परत यायचं आणि मायलेकी स्वतःच्याच घरात चोरासारख्या वावरायच्या. मावशी याला स्वभाव म्हणायची. शेजारी म्हणायचे, किती शांत घर. शेजाऱ्यांचं काय जातंय म्हणायला?

तीच लेक लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी एका दुपारी, चार वर्षांच्या पोरीला आणि एक मोठी बॅग घेऊन दारात उभी राहिली. परत जाणार नाही म्हणाली. मावशीने पाणीसुद्धा विचारलं नाही. तिला खिडकीपाशी उजेडात नेलं, बाह्या वर सारल्या, दंड पाहिले, केस बाजूला करून मान पाहिली, कानामागे पाहिलं. एकही वळ नाही. मावशीचा जीव भांड्यात पडला.

"मारत नाही ना?"

"नाही. बोलत नाही. काही हवं असलं की पोरीला म्हणतो, तुझ्या आईला सांग. आई, त्या घरात मला श्वाससुद्धा हळू घ्यावा लागतो."

मावशी चक्क हसली. एवढंच होय, म्हणाली. एक दिवस माझ्याबरोबर दवाखान्यात ये, म्हणजे संसार मोडायला काय काय व्हावं लागतं ते कळेल. तुझ्या बाबांनी तरी काय वेगळं केलं? दोन दिवस राहा, आराम कर आणि जा.

"बाबांनी वेगळं काहीच केलं नाही," लेक म्हणाली. "म्हणून तर मला इतकी वर्षं वाटत होतं, घरं अशीच असतात."

मावशीला हे उद्धट वाटलं. ती काही बोलणार, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. तिने पातेल्यावर झाकण अलगद टेकवलं. लेकीने पायानेच बॅग पलंगाखाली सारली. दोघींनी काही ठरवलं नव्हतं, आणि आपण असं केलं हे मावशीच्या लक्षातही आलं नसतं. पण तिची नजर नातीवर गेली. जमिनीवर बसलेल्या नातीने हातातली बाहुली पालथी करून मांडीवर दाबली होती आणि ओठांवर बोट ठेवलं होतं. आजोबांना ती नीट ओळखतही नव्हती. पुरुषाची पावलं वाजली, तेवढं तिला पुरलं होतं.

पोटची पोर घर सोडून आली आणि आपण तिच्या अंगावर वळ शोधत बसलो, याची तिला भयंकर लाज वाटली. तिने खाली बसून नातीचं बोट ओठांवरून काढलं. नातीने ते परत ठेवलं.

नवरा आत आला. पलंगाखालून अर्धी बाहेर राहिलेली बॅग त्याने पाहिली आणि किती दिवस, एवढंच विचारलं.

"राहायला आलीय. कायमची." मावशीचा आवाज कापला, पण निघाला.

तो काही बोलला नाही. चपला जागेवर ठेवल्या, आतल्या खोलीत गेला आणि दार हळूच लोटून घेतलं. हे आता महिनोन्महिने चालणार, कदाचित शेवटपर्यंत, हे मावशीला ठाऊक होतं आणि तिला भीती वाटत होती. तिने मुद्दाम मोठ्याने नातीला विचारलं, भूक लागलीय का. नातीने बंद दाराकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली.